विंडोज १० सोडून लिनक्स मिंट: फॉरमॅट मारण्याआधीची कामं आणि नंतरची

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव योजनेत नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पुढे तेही नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे कितीतरी धडधाकट लॅपटॉप दारातच अडले आहेत. या यंत्रांवर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसणारी फुकटची प्रणाली उत्तम चालते. पैसे पडत नाहीत, क्रॅक शोधावी लागत नाही आणि यंत्र भंगारात जात नाही.

मिंट टाकायला साधारण अर्धा तास लागतो. तो भाग अवघड नाही. माणसं आठवड्याभरात विंडोजवर परत जातात ती वेगळ्याच कारणांनी: जुनी मराठी पत्रं उघडतात पण त्यांत काही बदल करता येत नाही, ब्राउझरमधले पासवर्ड आले नाहीत, प्रिंटर गप्प बसला. ही सगळी कामं विंडोज चालू असतानाच उरकायची असतात. म्हणून खालच्या मजकुरात निम्मी जागा विंडोजवरच्या तयारीला दिली आहे. ती वाचल्याशिवाय पेन ड्राइव्ह बनवायला घेऊ नका.

आधी यादी

एक आठवडा, संगणकावर जो जो प्रोग्रॅम उघडाल त्याचं नाव कागदावर लिहा. महिन्यातून एकदाच लागणारेही आठवून लिहा: बिलाचं सॉफ्टवेअर, कुंडलीचं, शाळेच्या निकालाचं, स्कॅनरचं. मग प्रत्येकापुढे खूण करा.

ब्राउझरमध्ये चालणारं काहीही, म्हणजे मेल, बँक, व्हॉट्सॲप वेब, गूगल डॉक्स, बहुतेक सरकारी संकेतस्थळं, मिंटवर तसंच चालेल. व्हीएलसी, फायरफॉक्स, थंडरबर्ड, गिम्प, इंकस्केप, ऑडॅसिटी ही विंडोजवर वापरत असाल तर तीच तिकडेही आहेत. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस येईल.

आता न चालणारं किंवा भरवशाचं नसणारं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस, फोटोशॉप, पेजमेकर, कोरलड्रॉ आणि ऑटोकॅड यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. टॅली प्राइम विंडोजसाठी आहे. वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) ते चालवणारे आहेत, पण दुकानाचा हिशेब अशा जुगाडावर ठेवू नये. प्राप्तिकराच्या एक्सेल युटिलिटी मॅक्रोंवर उभ्या आहेत, लिब्रेऑफिसमध्ये त्या नीट चालतील असं धरून चालू नका. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर त्या टोकनाचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, आणि ज्या संकेतस्थळावर सही करायची त्याचं सही करणारं साधन लिनक्सवर चालतं का, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा. बऱ्याचदा पहिली असते, दुसरी नसते. आधारचा ठसा घेणारं यंत्र जोडून सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तो संगणक विंडोजवरच ठेवावा.

यादीत अशी एक जरी अडणारी वस्तू असेल तर विंडोज पुसू नका, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. एकही नसेल तर अख्खी डिस्क मिंटला देणं सोपं आणि कमी कटकटीचं.

यादी झाली की एक महिना विंडोजवरच लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड वापरा. नव्या प्रोग्रॅमची सवय आणि नव्या प्रणालीची सवय एकाच दिवशी अंगावर घेतली की माणूस गोंधळतो, आणि सगळा दोष लिनक्सला देतो.

जुन्या मराठी फाइली: खरी मेख इथे आहे

१९९० आणि २००० च्या दशकांतलं मराठी टंकन बहुतेक युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) नाही. सीडॅकच्या आयएसएमबरोबर येणारे डीव्हीबी-टीटी सुरेख आणि योगेश, श्रीलिपीचे फॉन्ट, शिवाजी, किरण, कृतिदेव या सगळ्यांत युक्ती एकच: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, मराठी दिसते ती फॉन्टमुळे. फॉन्ट बदलला की अर्थहीन अक्षरांची रांग उरते.

तुमच्याकडे अशा फाइली आहेत का ते ओळखायला फाइलीतला एक परिच्छेद निवडा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर युनिकोड आहे, काळजी नको. कचरा दिसला तर जुना फॉन्ट.

जुन्या फॉन्टची फाइल मिंटवर वाचता येते. तुमच्या परवान्यात बसत असेल तर टीटीएफ फाइल नव्या प्रणालीत टाका, मजकूर दिसू लागेल. त्यात भर घालणं मात्र जमणार नाही, कारण त्या फॉन्टसाठी कळफलक चालवणारा आयएसएम किंवा श्रीलिपीसारखा प्रोग्रॅम विंडोजचा आहे. म्हणून फाइलींचे दोन गठ्ठे करा. ज्या पुन्हा उघडून बदलायच्या आहेत (संस्थेची घटना, पत्रांचे नमुने, सभासद यादी) त्या परिवर्तकाने (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) युनिकोडमध्ये आणा. ज्या फक्त जपायच्या आहेत त्यांची विंडोजवरच पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते.

परिवर्तकांतून गेलेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय वापरू नका. चुका ठरावीक ठिकाणी होतात: रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, ‘दऱ्या’ची ‘दर्या’ होते, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षराचा पाय तुटतो. आकड्यांच्या तक्त्यांत अंक बदलले नाहीत ना ते मूळ प्रतीशी ताडून बघा. हे सगळं विंडोज आणि मूळ प्रोग्रॅम हाताशी असतानाच करता येतं.

मराठी नावांच्या फाइलींचा आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात पडल्यावरच तो कळतो. विंडोजमध्ये फाइलीच्या नावाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात: ‘महाराष्ट्र’ या शब्दात १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. म्हणजे नाव साधारण ८५ चिन्हांत संपलं पाहिजे. शासन निर्णय उतरवून अख्खा विषय फाइलीचं नाव म्हणून ठेवायची सवय असेल तर अशा फाइली कॉपी होताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडतील. लांब नावं विंडोजवरच छाटा.

डेटा बाहेर काढताना

बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्या. एनटीएफएस आणि एक्सफॅट दोन्ही प्रकारच्या डिस्क मिंट वाचतं आणि लिहितं. चार ठिकाणी लक्ष द्या.

वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर गुपचूप तिकडे वळलेले असू शकतात. ढगाची खूण असलेली फाइल तुमच्या डिस्कवर नसते, फक्त नाव असतं. त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळं खाली उतरू द्या, मग कॉपी करा.

क्रोमचा प्रोफाइल फोल्डर उचलून नेला तरी पासवर्ड येत नाहीत, कारण ते विंडोजच्या खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात. गूगल खात्यातून सिंक करा, नाहीतर सेटिंगमधून पासवर्ड सीएसव्ही फाइलीत काढा, नव्या ब्राउझरमध्ये भरा आणि ती फाइल लगेच पुसा. फायरफॉक्सचं तसं नाही. त्याचा प्रोफाइल फोल्डर पासवर्डसकट जसाच्या तसा हलवता येतो.

आउटलुकमधली मेल पीएसटी फाइलीत असेल तर थंडरबर्डमध्ये ती विंडोजवरच आयात करा. आयात करताना थंडरबर्डला त्याच संगणकावर आउटलुक असावं लागतं.

शेवटची गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. पुष्कळ लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मालकाला न सांगताच चालू झालेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. तरीही ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की विंडोज ती मागू शकतं.

बॅकअप झाल्यावर तो दुसऱ्या संगणकावर लावून पाच-दहा फाइली खरोखर उघडून बघा. जमलं तर वेगळ्या पेन ड्राइव्हवर विंडोजचाही इन्स्टॉलर बनवा. त्याला ८ जीबी पुरतात आणि परतीची वाट मोकळी राहते.

कोणतं मिंट, आणि पेन ड्राइव्ह

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. विंडोजवरून येणाऱ्याने मिंट घ्यावं: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, हाताला लगेच ओळखीचं. २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन ही आवृत्ती, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. अधिकृत किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागेची आहे, पण २ जीबीवर आजचा ब्राउझर रडतो. प्रोसेसर ६४ बिटचा हवाच. जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी बसवा. प्रणाली बदलून जेवढा वेग वाढेल त्याहून जास्त त्याने वाढतो. शिवाय जुनी डिस्क विंडोजसकट काढून कपाटात ठेवता येते, याहून चांगला बॅकअप नाही.

आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची अख्खी प्रत) मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ती सुमारे ३ जीबीची असते. उतरताना एखादा तुकडा खराब झाला तर इन्स्टॉल मध्येच अडकतं आणि कारण कळत नाही, म्हणून पडताळणी टाळू नका. सेव्हन-झिप असेल तर फाइलीवर उजवी क्लिक, ‘सीआरसी एसएचए’मध्ये ‘एसएचए-२५६’. येणारी ६४ अक्षरं संकेतस्थळावरच्या यादीशी जुळली पाहिजेत.

पेन ड्राइव्ह बनवण्याआधी विंडोजच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’ खिडकीत ‘बायॉस मोड’पुढे यूईएफआय आहे की लेगसी ते बघून ठेवा. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवायच्या तर पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू व्हायला हवा. मग रूफस (पेन ड्राइव्हवर आयएसओ लिहिणारा प्रोग्रॅम) उघडा, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह निवडा (त्यातलं सगळं पुसलं जाईल), आयएसओ निवडा, यूईएफआय असेल तर जीपीटी ठेवा आणि स्टार्ट दाबा. पद्धत विचारली तर आधी आयएसओ पद्धत. त्याने सुरू झालं नाही तर दुसऱ्यांदा डीडी पद्धत. डीडीने लिहिलेला पेन ड्राइव्ह विंडोजला ओळखता येत नाही आणि ते ‘फॉरमॅट करू का’ विचारतं. नाही म्हणा.

विंडोज ठेवणार असाल तर अजून दोन कामं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग मिंट त्या डिस्कवर लिहायला नकार देतं. ते नकार देतं हे बरंच आहे, नाहीतर फाइली बिघडल्या असत्या. दुसरं काम, डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ करून मिंटसाठी जागा मोकळी करणं. ६० जीबी कामचलाऊ, १०० जीबी निवांत. रिकामी जागा भरपूर असूनही विंडोज थोडीच सोडत असेल तर मध्ये न हलणाऱ्या फाइली आहेत: हायबरनेशन, पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा करून बघा.

टाकण्याआधी चालवून बघा

पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२, पण आधी बायॉसमध्ये जाऊन ती कळ चालू करावी लागते. सिक्युअर बूट (सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी बायॉसमधली सोय) चालू ठेवूनही मिंट चालतं. ‘एसबॅट’ असा शब्द असलेली चूक दाखवून यंत्र बंद पडलं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, मिंट टाकून सगळी अपडेट घ्या, मग चालू करून बघा.

मिंट पेन ड्राइव्हवरूनच उघडतं, डिस्कला हात लागत नाही. वेग बघून निराश होऊ नका, पेन ड्राइव्ह मंदच असतो. तासभर इथेच घालवा: वाय-फाय, आवाज, माइक, कॅमेरा, ब्लूटूथ, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, टचपॅड, प्रोजेक्टरची जोडणी. झाकण मिटून झोपवा आणि उघडून जागं होतं का बघा, जुन्या लॅपटॉपवर नेमकी इथेच खोट निघते. बोटाच्या ठशाचे सेन्सर सगळे चालत नाहीत.

पडदा काळाच राहिला तर बहुधा एनव्हिडियाचं कार्ड आहे. पेन ड्राइव्हच्या पहिल्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. वाय-फाय दिसलं नाही तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, कुठल्याही ड्रायव्हरशिवाय नेट मिळतं. ब्रॉडकॉमच्या वाय-फायला ड्रायव्हर वेगळा लागतो, तो याच नेटवरून नंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून घ्या.

इन्स्टॉल

चार्जर लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर आहे याची खात्री करा. डिस्कचे विभाग बदलले जात असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. भारनियमनाची वेळ टाळा.

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर दोनदा क्लिक करा. भाषा इंग्रजी घ्या, मराठी नंतर जोडता येते, आणि चुकीचा संदेश नेटवर शोधायला इंग्रजीच सोपी पडते. कळफलक निवडताना मात्र मराठी किंवा हिंदी अजिबात घेऊ नका: पासवर्ड देवनागरीत टाइप होईल आणि पुढच्या वेळी लॉगिनलाच अडाल. ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ घ्या. त्यात उजवं ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतं.

‘मल्टिमीडिया कोडेक’च्या चौकोनात खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथे एक पासवर्ड ठरवायला सांगतील. तो लक्षात ठेवा. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो, तिथे ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलंत तर काही ड्रायव्हर चालणार नाहीत.

आता महत्त्वाचा पडदा. ‘इरेज डिस्क’ म्हणजे अख्खी डिस्क साफ, विंडोजसकट, डी ड्राइव्हसकट. डी ड्राइव्ह वाचेल या समजुतीवर इथे लोकांनी वर्षांचे फोटो गमावले आहेत. विंडोज ठेवायचं तर ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’. तो पर्याय दिसलाच नाही तर ‘समथिंग एल्स’मध्ये जा, मोकळ्या केलेल्या जागेवर ईएक्सटी४ विभाग करा, माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ (/) द्या. आधीपासूनचा ईएफआय विभाग तसाच वापरा, त्याला फॉरमॅटची खूण करू नका. अदलाबदलीची स्वॅप फाइल मिंट आपोआप करतं.

यादीत डिस्कच दिसत नसेल तर बायॉसमध्ये ती इंटेल आरएसटी किंवा रेड पद्धतीवर आहे. एएचसीआयवर आणावी लागेल. पण विंडोज ठेवणार असाल तर थेट बदलू नका, ते सुरू होणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, बायॉसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग नेहमीसारखं.

लॅपटॉप बाहेर फिरत असेल आणि अख्खी डिस्क मिंटला देत असाल तर एन्क्रिप्शनचा पर्याय घ्या. तो पासवर्ड विसरलात तर डेटा कुणीही परत देऊ शकत नाही.

पहिला दिवस

सुरुवात टाइमशिफ्टपासून. ते प्रणालीची प्रत काढून ठेवतं, आणि पुढे एखाद्या अपडेटने किंवा तुमच्याच प्रयोगाने काही बिघडलं तर दहा मिनिटांत मागे नेतं. रोजच्या दोन आणि आठवड्याच्या दोन प्रती पुरेत, जास्त ठेवल्या तर डिस्क भरते. त्यात तुमचे फोटो आणि कागदपत्रं नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा.

मग अपडेट मॅनेजर, त्यात जवळचा मिरर (अपडेट देणारा सर्व्हर) निवडा. त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजर: एनव्हिडिया असेल तर ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर घ्या. प्रोग्रॅम हवा असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. संकेतस्थळांवरून सेटअप फाइली उतरवायची विंडोजची सवय इथे मोडा. पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक (लिनक्सचा एक पॅकेज प्रकार) प्रोग्रॅम मिंट २२ मुद्दाम लपवून ठेवतं, ते उघडायची घाई नको.

दोन्ही प्रणाली असतील तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसेल. बॅटरी गेलेली नाही. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) timedatectl set-local-rtc 1 असं लिहा, भांडण मिटतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर थेट विंडोजच सुरू होऊ लागलं तर बायॉसच्या बूट क्रमात ‘उबुंटू’ वर आणा. मिंटची नोंद तिथे त्याच नावाने असते, ‘मिंट’ शोधत बसू नका.

मराठी टायपिंग

इन्स्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाण कळफलक मांडणी येणाऱ्यांचं काम सोपं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’, अधिकचं चिन्ह, आणि यादीत मराठी. तिथे सुधारित इन्स्क्रिप्ट आहे आणि कगप हा उच्चारानुसारचाही आहे.

इतरांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन (ibus-m17n, इतर मराठी मांडण्या देणारा प्रोग्रॅम) घ्यावं. ‘इनपुट मेथड’ खिडकीत आयबस निवडा, लॉगआउट करून परत या, आयबसच्या पसंतींत मराठी जोडा. आयट्रान्स, फोनेटिक, गमभन, आणि टायपरायटरवर बसलेल्या हातांसाठी रेमिंग्टन. बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस. ‘mh’ वरून अंदाज बांधून शब्द सुचवणाऱ्या फोनसारखं हे नाही. प्रत्येक कळ ठरलेली आहे: आयट्रान्समध्ये ‘महाराष्ट्र’मधल्या ‘ट’साठी शिफ्ट धरून टी. चार दिवस चिडचिड होते, मग हात बसतो, आणि अंदाजपंचे शब्द दुरुस्त करत बसावं लागत नाही.

कुठलीही मांडणी पक्की करण्याआधी हे शब्द लिहून बघा: वाऱ्यावर, तऱ्हा, ॲप, ऑक्टोबर, क्षेत्रज्ञ. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ शिफ्ट आणि जे वर आहे. ‘ॲप’ आणि हिंदी वळणाचं ‘ऍप’ दिसायला जवळचे असले तरी संगणकाला ही दोन वेगळी अक्षरं आहेत. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने शोधलं तर सापडत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये ऑप्शन्सच्या भाषा विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला मराठी लावा. मग रायटरच्या ‘बेसिक फॉन्ट्स’मध्ये देवनागरीचा फॉन्ट स्वतंत्र निवडा. हे केलं नाही तर इंग्रजीचा फॉन्ट आणि आकार बदलतो, मराठीचा जिथल्या तिथे राहतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा मुक्ता, दोन्ही चांगले. विंडोजचे मंगल आणि निर्मला इथे नसतात, त्यामुळे जुन्या वर्ड फाइलींत पानं थोडी सरकतील. इंग्रजीत हा त्रास कमी, कारण कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि टाइम्सच्या मापाचा लिबरेशन आहे. बाहेर पाठवायचा मजकूर पक्का झाल्यावर पीडीएफच पाठवा.

प्रिंटर

गेल्या काही वर्षांतले वाय-फाय प्रिंटर बहुधा जोडताच दिसतात. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्यांसाठी ‘एस्कपीआर’ ड्रायव्हर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आहे. एचपीसाठी एचपीलिप हा ड्रायव्हर आधीच असतो, पण लेझरजेट १०२० सारख्या यंत्रांना त्याचं प्लगइन नेटवरून उतरवावं लागतं. तोवर प्रिंटर यादीत दिसतो आणि कागद मात्र बाहेर येत नाही. सर्वांत जास्त डोकेदुखी कॅननच्या एलबीपी २९०० ची, जो आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे आहे. त्याची कॅप्ट ही भाषा वेगळीच असल्याने साधे ड्रायव्हर चालत नाहीत. कॅननचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं नवख्याचं काम नाही. छपाई रोजची असेल तर त्या प्रिंटरसाठी एक विंडोज संगणक ठेवा आणि मिंटवरून पीडीएफ तिकडे पाठवा.

विंडोजची जागा परत घेताना

दोन-तीन महिने विंडोज उघडायची वेळच आली नाही, तर ती जागा वापरात घ्या. आधी त्यातलं उरलंसुरलं बाहेर काढा. मिंटचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरून सुरू करा, जीपार्टेड (डिस्कचे विभाग बदलणारा प्रोग्रॅम) उघडा, विंडोजचा मोठा एनटीएफएस विभाग पुसा आणि तिथे नवा ईएक्सटी४ विभाग करून फोटो, गाणी, कागदपत्रांसाठी वापरा. मिंटचा विभाग डावीकडे सरकवून मोठा करायचा मोह टाळा, त्याला तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर सगळंच जातं. डिस्कच्या सुरुवातीला सुमारे १०० एमबीचा फॅट३२ विभाग दिसेल. तो विंडोजचा उरलेला कचरा वाटतो, पण पुसू नका: तोच ईएफआय विभाग आहे आणि मिंट सुरू करणारी फाइलही त्यातच आहे.